बॅटरीगुरुजी

भेटल्यावर माणूस 'काय, कसं काय' विचारतो, फार तर 'जेवण झालं का' विचारतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे गुरुजी विचारायचे, "बॅटरी किती आहे?" प्रश्न तुमच्या फोनबद्दल असायचा, पण उत्तर ऐकून ते चेहरा असा करायचे की साठ टक्के सांगणाऱ्यालाही आपलं आयुष्य उताराला लागल्यासारखं वाटावं. "साठ? सकाळी सकाळी साठ? मग दुपारी काय करणार?" एवढं बोलून ते मान हलवत निघून जायचे आणि समोरचा उगाच चार्जर शोधायला लागायचा. घाटावर त्यांना बॅटरीगुरुजी म्हणायला लागले ते यामुळे. गुरुजींना ते माहीत होतं आणि आवडतही होतं, कारण त्याआधी त्यांना रागीट गुरुजी म्हणायचे.

पंचवटीतली आमची इमारत तीन मजली आहे. तळमजल्यावर गुरुजी आणि काकू, त्यांच्या डोक्यावर आम्ही, म्हणजे आई, बाबा आणि मी. गुरुजींचा व्यवसाय पिढीजात, गंगेवरचा. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो आणि कुणी भूगोल शिकवायला आलं तर निमूट ऐकून घेतो. दहावे, तेरावे, तीर्थश्राद्धं यांत गुरुजींचा हात धरणारा कुणी नव्हता. आवाज असा की एका काठावर संकल्प सांगावा आणि पलीकडच्या यजमानाचंही काम भागावं. स्वभाव मात्र तापट. यजमान चुकला की त्याच्या पितरांच्या समोरच ते त्याची खरडपट्टी काढायचे.

अशा माणसाच्या घरात लॅपटॉप आला तो दान म्हणून. परदेशात राहणाऱ्या एका यजमानाने वडिलांचं श्राद्ध व्हिडिओ कॉलवरून करवून घेतलं. शेवटी गोदानाची वेळ आली. गाय पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने आपला जुना लॅपटॉप कुरियरने पाठवून दिला. धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, एवढं गुरुजींना माहीत होतं. पण या गाईला दात तर नव्हतेच, दूधही अर्ध्या तासापुरतं होतं. चार्जर काढला की ती चाळीस टक्के दाखवता दाखवता डोळे मिटायची. त्यातून गुरुजींनी दान शास्त्रोक्त स्वीकारलं. यजमान सातासमुद्रापलीकडे, तेव्हा त्याच्या वतीने उदकही त्यांनीच सोडलं आणि ते नेमकं कीबोर्डवर सुटलं.

तिथून माझा प्रवेश झाला. मी एका कंपनीची पगारपत्रकं तयार करते, तीही घरी बसून. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण इमारतीत लॅपटॉप घेऊन बसणारी मी एकटीच, त्यामुळे गुरुजींनी मला इंजिनीअर ठरवून टाकलं. "इंजिनीअर, जरा खाली ये. हे बसलंय." बाबा आयुष्यभर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले, म्हणजे खरं तर हे खातं त्यांचं. पण बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचे, "मी वीज तयार करायचो. ती प्लगातून पुढे कुठे जाते ते बघणं माझं काम नव्हतं." मग मी मोबाइलवर दोन व्हिडिओ बघायची आणि खाली जाऊन मोठ्या तज्ज्ञासारखी बोलायची.

मी सांगितलेला क्रम साधा होता. भिंतीतल्या प्लगला दुसरं काही लावून आधी वीज आहे का ते बघा. मग चार्जरवरचा दिवा लागतोय का बघा, पिन हलतेय का बघा. तरी सुरू होत नसेल तर चार्जर काढा, बॅटरी काढा आणि सुरू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत अडकलेली वीज निघून जाते. मग बॅटरी बाजूलाच ठेवून नुसत्या चार्जरवर चालू करा. गुरुजींनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "अर्धा मिनिट म्हणजे किती?"

"तीस सेकंद."

"आकडे मोजत बसलो तर चित्त विचलित होतं. तीन गायत्री चालतील?"

मी मनातल्या मनात म्हणून बघितलं. चालत होतं. त्या दिवसापासून लॅपटॉपचा बिघाड हा गुरुजींच्या घरात विधी झाला. ते पाटावर बसायचे, आचमन करायचे, लॅपटॉप उपडा करून त्याची बॅटरी काढायचे आणि बटणावर अंगठा दाबून तीन गायत्री म्हणायचे. बहुतेक वेळा तो सुरू व्हायचा. श्रेय कुणाचं, यावर आमचा कधी वाद झाला नाही, कारण त्यांच्या मनात शंकाच नव्हती. पुढे हा विधी घाटावर पसरला. एका गुरुजींनी इंटरनेट येत नाही म्हणून तीन गायत्री म्हटल्या. दुसऱ्यांनी तो फोनवर करून बघितला आणि बॅटरी काढायच्या नादात फोनचं मागचं झाकण मोडलं. ते तक्रार घेऊन आले तेव्हा आमचे गुरुजी शांतपणे म्हणाले, "अधिकार नसताना विधी केला की असंच होतं."

सोवळ्याचा प्रश्न मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर सुटला. गुरुजी सोवळ्यात असताना त्यांच्या ताम्हनाला कुणी बोट लावलेलं चालायचं नाही. मग त्याच पाटावरच्या लॅपटॉपला मी हात कसा लावायचा? आईने हे भीत भीत विचारलं. गुरुजींनी थोडा विचार केला आणि निकाल दिला, "लॅपटॉप विलायती आहे. त्याला विटाळ नाही."

"आणि चार्जर?" आईने विचारलं.

"तो त्याच्याच घरातला."

माझा नियम मात्र उलटा होता. ओल्या हाताने चार्जरला शिवायचं नाही. म्हणजे त्या घरात विजेचं सोवळं मी पाळायची आणि ते मोडायचं काम गुरुजी करायचे. पुढे चार्जरची पिन सैल झाली. ती एका ठरावीक कोनात धरली तरच दिवा लागायचा. नवा चार्जर आणा, असं मी सांगून थकले. गुरुजींनी पूजेच्या साहित्यातली नाडाछडी घेतली आणि पिन त्या कोनात करकचून बांधून टाकली. तो लाल-पिवळा धागा शेवटपर्यंत तिथे होता आणि मला मान्य करायला हवं, पिन परत हलली नाही.

फोनवर का नाही करत, असं सगळेच विचारायचे. फोन काकूंच्या हातात मावेल एवढा, हलका, त्याची बॅटरीही चांगली. गुरुजी म्हणायचे, "फोनमध्ये यजमानाचं तोंड दिसतं. मला त्याच्या तोंडाशी काय करायचंय? मला अंगठा दिसला पाहिजे." पितरांना पाणी सोडायचं ते अंगठ्याच्या बाजूने. आणि यजमान हमखास बोटांवरून सोडायचा. मग गुरुजी पडद्यावर बोट आपटून ओरडायचे, "अंगठ्याकडून! अंगठ्याकडून! तुमचे वडील तिकडे बसलेत, इकडे नाही!" कुठल्याशा परक्या शहरातल्या स्वयंपाकघरात, स्टीलच्या पातेल्यावर ओणवा झालेला तो मोठा अधिकारी दचकून हात फिरवायचा. अशा वेळी लॅपटॉपने मान टाकली की सगळं पहिल्यापासून. गुरुजींना खंड चालायचा नाही. बॅटरीची विचारपूस करायची सवय त्यांना लागली ती या धास्तीने.

कॅमेरा आला तो नंतर. घाटावर गर्दी वाढली की नेटवर्क बसतं, तेव्हा निदान चित्रण तरी हातात राहावं म्हणून त्यांनी एक जुना छोटा कॅमेरा घेतला आणि त्याच्याबरोबर मेमरी कार्ड. पण सोवळ्याला खिसा नसतो. कार्ड ठेवायचं कुठे? गुरुजींनी ते कनवटीला लावलं आणि काम आटोपल्यावर सवयीने गंगेत बुडी मारली. दुपारी घरी येऊन त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं तेव्हा त्यातून पाणी गळत होतं. मी ते तांदळाच्या डब्यात दोन दिवस पुरून ठेवलं आणि देवाचं नाव घेऊन लॅपटॉपला लावलं. सगळं चित्रण शाबूत होतं. मला झालेला आनंद मी लपवायला हवा होता. गुरुजींनी त्यातून सिद्धांत काढला की गंगेत गेलेलं वाया जात नाही, आणि पुढचं नवं कोरं कार्ड वापरण्याआधीच शुद्धीसाठी गंगेत बुडवून आणलं. ते मात्र पुन्हा उठलं नाही. त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि तडजोड अशी ठरली की कार्डाच्या प्लॅस्टिकच्या डबीवर तुळशीच्या पानाने एक थेंब शिंपडायचा, आणि तोही डबी बंद असताना.

बाकी कार्डाच्या बाबतीत त्यांनी माझं पुष्कळ ऐकलं. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढून काढू नका, आतलं लिहिणं अर्धवट राहतं, असं मी सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे उत्तरपूजा झाल्याशिवाय मूर्ती हलवायची नाही. हे सरळ सांग ना." ही गोष्ट त्यांनी कधी मोडली नाही. मी मात्र माझा लॅपटॉप अजूनही धाडकन बंद करते. एका गोष्टीत मात्र ते हटून बसले. भरलेलं कार्ड पुसून पुन्हा वापरायला ते काही केल्या तयार होईनात. "एकाच्या बापाच्या दहाव्यावर दुसऱ्याच्या बापाचा दहावा? शोभतं का?" त्यामुळे प्रत्येक घराला नवं कार्ड. आणि ते कार्ड मुलाच्या हातात द्यायचं नाही, घरी नेऊन बाईच्या हातात द्यायचं. यजमान म्हणायचा, द्या इकडे, मी देतो आईला. गुरुजी डबी कनवटीला लावून म्हणायचे, "पत्ता सांगा."

हे काय खूळ आहे, ते मला काकूंनी सांगितलं. लॅपटॉप येण्याच्याही आधीची गोष्ट. कळवणकडच्या एका शेतकऱ्याचा दहावा गुरुजींनी केला होता. पिंड ठेवून सगळे मागे सरले, कावळा आला, शिवला, मंडळी घरी गेली. चार दिवसांनी त्या शेतकऱ्याची बायको एकटी एसटीने नाशिकला आली, गुरुजींचं घर शोधत. ओसरीवर बसली आणि म्हणाली, "गुरुजी, पोरं म्हणत्यात, कावळा शिवला. पन त्यायला घरी जायाची लय घाई व्हती. तुमी सांगा, खरंच शिवला का?"

गुरुजी म्हणाले, शिवला.

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमी बी तेच सांगनार म्हना." पदर सावरून उठली आणि गेली. चहासुद्धा घेतला नाही.

"त्या दिवशी हे जेवले नाहीत," काकू म्हणाल्या. "म्हणे, मी खरं सांगितलं आणि तिला पटलं नाही. मग माझ्या तोंडाचा उपयोग काय?" ज्यांचं माणूस गेलं त्या बाया घरी पिठलं-भात करत बसतात आणि निरोपाची बातमी त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळते, हे गुरुजींना त्या बाईने दाखवून दिलं. तोवर ते त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. कॅमेरा नेटवर्कसाठी घेतला, असं ते जगाला सांगत. तो कावळ्यासाठी होता. तिवईवर कॅमेरा बसवून त्याचं तोंड पिंडाकडे करून ठेवायचं आणि कुणीही मध्ये यायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. एकदा कुणाचा तरी जावई मध्ये आला तर गुरुजींनी त्याला जानवं सव्य-अपसव्य करायलाही वेळ न देता घाटाच्या वरच्या पायरीवर पिटाळलं होतं.

मग आमचे बाबा गेले. आठवडाभराचं दुखणं. आईचा उजवा गुडघा त्याआधीच चार-पाच वर्षं कामातून गेला होता. बाबांनी ऑपरेशन करून घे म्हणून तिच्यामागे भुणभुण लावलेली, आणि आई ऑपरेशनला घाबरून दर वेळी दिवाळीनंतर बघू म्हणायची. दवाखान्यात शेवटी शेवटी बाबांना धड बोलता येत नव्हतं, पण तिला ते म्हणाले, "माझ्यामागे तुला जिना कोण उतरवणार?" ते बोलणं आईच्या मनात रुतून बसलं. हा माणूस माझ्या गुडघ्यापायी अडकून राहणार, असं तिने घेतलं. दहाव्याला कावळा शिवतो की नाही, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पण आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत, आणि तिला तर जिनाही उतरवत नव्हता.

मी जाऊ शकेन का, हेही नक्की नव्हतं. क्रिया चुलतभाऊ मिलिंद करणार होता. मी गुरुजींना विचारलं, मुलीने घाटावर आलेलं शास्त्राला चालतं का? ते म्हणाले, "शास्त्राचं मी बघतो. भावकी आडवी येईल. तू मुलगी म्हणून येऊ नकोस. लॅपटॉपबरोबर माणूस लागतंच." अशा रीतीने मी माझ्या वडिलांच्या दहाव्याला तांत्रिक कर्मचारी म्हणून हजर राहिले. कुणी हरकत घेतली नाही. एका चुलत्यांनी तर मला फोन चार्ज करायला दिला.

वरच्या घरात आई माझ्या लॅपटॉपसमोर बसली होती, घाटावर गुरुजींचा लॅपटॉप पाटावर उघडा होता, आणि तिवईवर कॅमेरा पिंडाकडे तोंड करून उभा होता. सगळं यथासांग झालं. पिंड ठेवले. आम्ही मागे सरलो. कावळे आले आणि कठड्यावर बसून राहिले. रामकुंडावरच्या कावळ्यांना भाताचं काय कौतुक? रोज एवढी घरं त्यांना जेवू घालतात की कुणाच्या दुःखाकडे धाव घ्यावी इतकी भूकच त्यांना उरलेली नसते. मिलिंद हात जोडून म्हणाला, "काका, काकूंना मी अंतर देणार नाही." कावळे बसून राहिले. कुणी म्हणालं, देवीच्या दर्शनाचं राहिलंय, आम्ही सगळे जाऊन येऊ. काही नाही. मग एक आत्या फोनवरून म्हणाली की पोरीचं लग्न करून देऊ. मी चाळिशीला टेकलेली. त्यातल्या एका कावळ्याने चक्क मान फिरवली.

लॅपटॉप चाळीस टक्के दाखवत होता, म्हणजे आता कधीही डोळे मिटणार. तेवढ्यात त्याच्यातून आईचा आवाज आला. "गुरुजी, मला बोलू द्या."

अशा वेळी बाईमाणसाने बोलायची पद्धत नव्हती, आणि पडद्यातून बोलायची तर कुणाचीच नव्हती. मिलिंद गुरुजींकडे बघायला लागला. गुरुजी म्हणाले, "सगळे मागे व्हा. पार त्या झाडापर्यंत. इंजिनीअर, तूसुद्धा." मग त्यांनी ओल्या हातांनी लॅपटॉप उचलला, छातीशी धरला आणि पिंडापाशी जाऊन उभे राहिले, आईचं तोंड पिंडाकडे करून. झाडापासून मला फक्त त्यांची रुंद पाठ दिसत होती. आईचा आवाज मात्र स्वच्छ येत होता, बाबा आतल्या खोलीत असताना ती ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात.

"अहो, ऐकलंत का? करून घेते मी ऑपरेशन. दिवाळीनंतर नाही, आत्ताच. जिना मी एकटी उतरेन. आता जेवून घ्या."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गुरुजींनी त्यांच्या त्या आवाजात सांगितलं, "शिवला."

बायकांसारखे पुरुष रडायला लागले, असं म्हणायची रीत आहे. खरं म्हणजे ते पुरुषांसारखेच रडले, घाईघाईने, चष्मे पुसत. मी धावत गेले. लॅपटॉपचा पडदा काळा होता, कधी गेला कोण जाणे. पिंडाचा भात एका बाजूने विस्कटला होता. गुरुजींच्या धोतराच्या ओल्या सोग्यानेही तो विस्कटू शकतो, हा विचार मला त्या वेळी आला नाही. मी म्हटलं, आईला दिसलं नसेल. गुरुजी म्हणाले, "कार्ड आहे ना."

कार्ड होतं. दिवा विझेपर्यंत थांबून त्यांनी ते काढलं, आणि संध्याकाळी आईच्या हातात आणून दिलं. आम्ही दोघी ते बघायला बसलो. पिंड दिसत होते, कठडा दिसत होता, कावळे दिसत होते. मग डावीकडून गुरुजी आले आणि सगळ्या चित्रात त्यांची पाठ भरली. पाणी ठिबकणारी, जानवं तिरकं गेलेली, कॅमेऱ्यासमोर भिंतीसारखी. त्या पाठीमागून आईचं बोलणं, मग शांतता, मग "शिवला". पाठ काही हलली नाही. एरवी लोकांना कॅमेऱ्यासमोरून हाकलणारा माणूस नेमक्या क्षणी स्वतः तिथे उभा होता. आई आधी नुसती बघत राहिली आणि मग हसायला लागली. दहा दिवसांत ती पहिल्यांदा हसली. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे शिवताना मी काही बघितलं नाही. मग ऑपरेशनचं बंधनही नाही."

ती तसं गमतीत म्हणाली असं मला वाटलं. तसं नव्हतं. डॉक्टरांची वेळ मी दोनदा घेतली आणि तिने दोनदा मोडली. शेवटी मी गुरुजींना वर बोलावलं. ते येऊन पाटावर न बसता खुर्चीवर बसले, म्हणजे धार्मिक काम नव्हतं.

"वहिनी, शिवला," ते म्हणाले.

"कार्डात नाही गुरुजी."

"कार्डाला माझी पाठ दिसली. मला समोरचं दिसत होतं."

"तुम्हीच म्हणता, तोंडी सांगण्याला अर्थ नाही. कार्ड बघा."

मला वाटलं, आता हे भडकणार. ते भडकले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, एवढी वर्षं मी कुणाला माझ्यावर विश्वास ठेवा म्हटलं नाही. आज म्हणतो. शिवला. तुमचं बोलणं ऐकल्यावर लगेच शिवला." आईने त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. कळवणच्या बाईने बघितलं असेल तसंच. मग मला म्हणाली, "डॉक्टरांना फोन कर."

ऑपरेशन झालं. आई वॉकर घेऊन घरात फिरायला लागली तेव्हा गुरुजी रोज जिन्याच्या तळाशी उभे राहून ओरडायचे, "वहिनी, आज किती टक्के वाकला?" व्यायाम घेणारी मुलगी अंशांत सांगायची, आई ते मनातल्या मनात वाढवून टक्क्यांत सांगायची, आणि गुरुजी म्हणायचे, "कमी आहे. लावून ठेवा." तीन महिन्यांनी आई एकटी जिना उतरून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. काकूंनी तिला ओवाळलं. गुरुजी आत निघून गेले आणि त्यांनी मोठ्याने नाक शिंकरलं.

पुढच्या वर्षी लॅपटॉप गेला. तीन गायत्रींना उठला नाही, नऊ गायत्रींनाही नाही. तो गंगेत सोडायचा, असं गुरुजींनी ठरवलं होतं, मी मध्ये पडून तो भंगार गोळा करणाऱ्या केंद्रात नेऊन दिला. त्यानंतर नवा घेण्यात त्यांचं मन लागेना. मुलं आता फोन घेऊन येतात, म्हणायचे, आणि अंगठा कुणीच बघत नाही. आणि मग एका सकाळी संध्या करताना पाटावरच ते गेले. कुणाला एक हाक मारली नाही, हे त्या आवाजाच्या माणसाला मुळीच शोभलं नाही. मला ते अजून खरं वाटत नाही. जिन्यात पाऊल टाकताना मी अजून फोनची बॅटरी बघते, कुणी विचारणारं नसलं तरी.

दहावा त्यांच्या पुतण्याने केला. काकूंनी मला आदल्या दिवशी बोलावून त्यांचा कॅमेरा दिला, डबीतलं नवं कार्ड दिलं. एवढ्या बायकांच्या हातात कार्ड पडलेलं त्यांनी बघितलं होतं. "मला आणून दे हं," एवढंच म्हणाल्या. आणि सकाळी मी निघाले तर आई नेसून दारात उभी होती. "मीही येते. यांच्या वेळी बघितलं नाही." ती येऊ शकते का, असं तिने कुणाला विचारलं नाही, आणि घाटाच्या पायऱ्या ती कुणाचा हात न धरता उतरली. भावकीतल्या कुणाची काही बोलायची छाती झाली नाही.

पिंड ठेवले. मी तिवई लावली, कॅमेऱ्याचं तोंड पिंडाकडे केलं. घाटावरचे सगळे गुरुजी जमले होते. त्यांनी हरतऱ्हेची वचनं दिली. तुमची घाटावरची जागा कुणी घेणार नाही, काकूंना काही कमी पडू देणार नाही. कावळे कठड्यावर बसून पिसं साफ करत होते. ऊन डोक्यावर आलं. शेवटी पुतण्याने दर्भाची जुडी घेतली, तिला पीळ देऊन कावळा केला आणि तो पिंडाला लावला. शास्त्रात तशी सोय आहे. मंडळी हळूहळू पांगली. आई सगळ्यात खालच्या पायरीवर उभी राहून हे बघत होती. कॅमेरा चालूच होता.

"तो बंद कर," ती म्हणाली. "आणि पूस सगळं."

"आई, काकूंना..."

"पूस म्हणते ना."

मी पुसलं. घरी आलो तर काकू दारातच होत्या. त्यांनी काही विचारायच्या आधीच आईने त्यांचे दोन्ही हात धरले. "शिवला गं कुसुम. ठेवल्या ठेवल्या शिवला. मी डोळ्यांनी बघितलं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कार्ड खराब निघालं.

"राहू दे कार्ड," काकू म्हणाल्या. "ही होती ना तिथे." आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून त्या रडल्या, दहा दिवसांत रडल्या नव्हत्या तेवढ्या.

जिना चढताना मी आईला म्हटलं, "खोटं बोललीस."

"दर्भाचा असला तरी कावळाच ना. शिवला की." दोन पायऱ्या चढून ती थांबली. "गुरुजी माझ्याशी असंच बोलले असतील गं त्या दिवशी."

"राग येतोय?"

"कशाचा राग?" आई म्हणाली, आणि कठड्याला हात न लावता वर निघाली.